वापरातली वस्तू

दुकानदाराने खिट्टी दाबली, रिव्हॉल्वरची नळी पुढे वाकवली, अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी तिरपं धरलं आणि दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. दारातून येणारा पणजीतला दुपारचा उजेड नखावर पडून नळीत शिरतो आणि आतले आटे उजळतात. ही युक्ती भाऊकाकाने मला कधीच दाखवली होती, त्यामुळे परक्या माणसाच्या हातात ती पाहताना उगाच आपल्या घरचं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं. मग त्याने सिलिंडर बोटाने डुलवून पाहिलं, घोडा मागे ओढला, अंगठ्याचा आधार देत सावकाश सोडला, आणि मुठीच्या कडेला जिथे पॉलिश उडून पांढरं लोखंड दिसत होतं तिथे नख घासलं. दुकानात तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. पुढच्या कपाटात परवाना न लागणाऱ्या छऱ्याच्या बंदुका ओळीने उभ्या होत्या. "आतून कोरं आहे हो," तो म्हणाला. "भाऊ वापरायचे तरी का?"

"रोज," काकू म्हणाली.

आम्ही दोघं हसलो. दुकानदार भाऊकाकाला पंचवीस वर्षं ओळखत होता, त्याला तो विनोद वाटला. मलाही वाटला. काकू हसली नाही. त्याने दाखवलेल्या तीन ठिकाणी तिने सावकाश, शाळेतल्यासारखी सही केली, पेनला टोपण लावलं आणि "झालं?" असं विचारून उठली. शेजारच्या बाबूने गाडी काढली होती. तो बाहेर रस्त्याच्या कडेला, पोलीस हटकेल म्हणून इंजिन चालू ठेवूनच थांबला होता. आम्ही बसलो आणि निघालो. एवढंच झालं. पण फोंड्याला घरी पोचले, कपडे बदलले, चहा टाकला, तरी ते 'रोज' कानात राहिलं. त्या शब्दात विनोद नव्हता हे चहा उतू गेल्यावर लक्षात आलं.

भाऊकाका गेला २०२४ च्या पावसाळ्यात. माणूस गेल्यावर वीज, पाणी, बँक, घरपट्टी यांची कागदपत्रं बदलायची असतात हे ठाऊक होतं. रिव्हॉल्वरचं लक्षात कोणाच्या येणार? परवाना त्याच्या नावाचा. तो गेला त्या क्षणापासून ती वस्तू घरात असणं बेकायदा, आणि कायद्याप्रमाणे ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची. दहाव्याच्या आधीच ती जमा झाली. वारसाला हवं असेल तर तो स्वतःच्या नावाने परवाना मागू शकतो. खरं तर परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला की हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आमचा तालुकाही सत्तरी. "सत्तरीतला माणूस सत्तरीला आला," असं म्हणत भाऊकाका तो नियम दर वाढदिवसाला सांगायचा, आणि स्वतःच हसायचा. पण वारस टेक्ससला. मला नको होतं, आणि काकूला तर त्याहून नको होतं. तेव्हा ठाण्यातून परवानगीच्या कागदासह ते पणजीच्या दुकानात गेलं आणि वर्षभराने विक्रीच्या सह्यांसाठी आम्हाला बोलावणं आलं.

हे रिव्हॉल्वर कानपूरचं. बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं, सरकारी कारखान्यातलं. इंग्रजांच्या वेब्लीवरून बेतलेलं, म्हणून मधोमध मोडून उघडणारं. नळी वाकली की चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. भाऊकाकाने ते १९९८ मध्ये घेतलं. केवढ्याला, ते त्याने घरात कधी खरं सांगितलं नाही. काकूला एक आकडा, माझ्या वडिलांना दुसरा. तो गेल्यावर बिल सापडलं तर त्यावरची शाई इतकी उडालेली की शेवटची शून्यं तेवढी शिल्लक होती. 'स्वस्तात मस्त' हा मात्र त्याचा ठरलेला शेरा. पाण्याचा पंप असो, खवणी असो की जीप, वस्तू घेताना तो एकच बघायचा, की बिघडली तर वाळपईत दुरुस्त होईल का. रिव्हॉल्वर वाळपईत कोण दुरुस्त करणार? पण त्याचं म्हणणं असं, की ते बिघडायलाच जागा नाही. पिस्तुलाचं तसं नसतं. पिस्तुलात गोळी अडकली की गडी अडकला. रिव्हॉल्वरमधली एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची समोर येते. हे तो अशा थाटात सांगायचा की जणू आठवड्यातून दोनदा त्याच्यावर तशी वेळ येते.

वेळ अशी कुठली आली म्हणून त्याने ते घेतलं? तो काजू बी, आमसुलं, सुपारी घेऊन बेळगावच्या पेठेत जायचा आणि येताना रोकड घेऊन यायचा. घाटात गाड्या अडवतात अशी तेव्हा बोलवा होती. खरी किती आणि पसरवलेली किती, देव जाणे. पण एका ओळखीच्या व्यापाऱ्याला मारहाण झाली आणि भाऊकाकाने अर्ज केला. मग पोलिसांची चौकशी, चारित्र्याचा दाखला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या. यात दोन वर्षं गेली. परवाना हातात पडला तेव्हा त्याने तो पहिल्यांदा नीट वाचला. परवाना गोवा राज्यापुरता होता. चोरांची भीती अनमोड घाटात, आणि मोल्याचा नाका ओलांडून घाट चढला की कर्नाटक! म्हणजे ज्या वाटेसाठी ते घेतलं त्याच वाटेवर ते नेता येणार नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं तो बेळगावला जाताना रिव्हॉल्वर कपाटात ठेवून जायचा आणि परत आल्यावर, पैसे तिजोरीत पडल्यावर, ते कमरेला लावून अंगणात बसायचा. आम्ही चिडवायचो. तो चिडायचा नाही. "माणसाला घरी तरी सुरक्षित वाटायला पाहिजे की नको?" म्हणायचा.

सत्तरीत बंदूक नवी नाही. आमच्या लहानपणी दर चार घरांमागे एकात पिकाच्या राखणीची बंदूक असे. बहुतेक ठासणीची, क्वचित कोणाची एकनळी, बारा बोअरची. रानडुकरांनी सुरणाचा वाफा एका रात्रीत उलटा केला की सकाळी बंदूकवाल्याच्या दारात माणसं उभी राहायची. ती बंदूक विळा-कोयत्याच्या जातीतली, ओटीवर खुंटीला टांगलेली. पोरं तिच्याखाली पाटावर बसून पेज जेवायची. दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये पोर्तुगिजांकडून नाणूसचा किल्ला घेतला त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, शिगम्यात घोडेमोडणीला तलवारी नाचताना पाहिल्या. पण ती सगळी शस्त्रं उघड्यावरची. भाऊकाकाचं रिव्हॉल्वर हे आमच्या घरात आलेलं पहिलं लपवायचं शस्त्र. बंदूक रानाकडे तोंड करून असते. हे माणसाकडे तोंड करणारं होतं. डुकरासाठी कोणी रिव्हॉल्वर घेत नाही. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण खंडेनवमीला देवघरापुढे कोयता, पंपाचा पाना, हिशेबाची वही यांच्या रांगेत ते ठेवलं की काकू झेंडूचं फूल सगळ्यांवर ठेवायची आणि त्याच्यावर ठेवताना हात लांब करून, वाफ लागेल अशा बेताने ठेवायची.

आणि ते टिकाऊपण! गोव्याच्या पावसात काय टिकतं? चपलांवर बुरशी, पुस्तकांना लव, कुलपाला गंज. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातली हवासुद्धा पिळून काढावी अशी. पहिल्या वर्षी भाऊकाकाने ते चामड्याच्या म्यानातच ठेवलं. श्रावणात उघडून पाहिलं तर नळीवर तांबूस ठिपके, आणि काडतुसांच्या पितळेला हिरवी कळक, चिंचेच्या कढीला कळकलेल्या भांड्यासारखी. चामडं ओल धरतं, त्यात हत्यार ठेवू नये, हे त्याला त्या दिवशी दुकानदाराकडून कळलं. मग तेल. घरात तेल म्हटलं की खोबरेल. त्याने सगळे सांधे खोबरेलाने न्हाऊ घातले. डिसेंबरात रान गार पडलं, न्हाणीतली खोबरेलाची बाटली थिजली आणि त्याबरोबर रिव्हॉल्वरही. चाप ओढला तर तो दही विरजल्यासारखा मऊ, आणि घोडा अर्ध्यात अडकून बसलेला. त्या आठवड्यात चोर आला असता तर भाऊकाकाला आधी चूल पेटवावी लागली असती. त्यानंतर शिवणयंत्राचं तेल आलं, पितळी ब्रश आला, जुन्या धोतराच्या चिंध्या आल्या. रविवारी सकाळी देवपूजा झाली की ओटीवर वर्तमानपत्र पसरायचं, काडतुसं एका वाटीत मोजून ठेवायची, आणि तास-दीड तास ते साफ करायचं. औषधाच्या बाटल्यांतून, नव्या बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या काकू डब्यात साठवायची. मीही फोंड्याहून जाताना न्यायचे. कोणी आजारी पडलं की घरात एक पुडी जमा.

खरं सांगायचं तर त्या रविवारच्या बैठका मला आवडायच्या. तेलाचा वास, चिंधीवर उमटणारी काळी रेघ, सिलिंडर फिरताना होणारी बारीक टिकटिक. यंत्र म्हणून त्या वस्तूत एक देखणेपणा होता, सातशे ग्रॅमच्या आसपास वजन असूनही हातात घेतल्यावर मनगटाला कळणारा. एखाद्या गोष्टीची भीती वाटावी आणि तिच्यावरून हातही फिरवावासा वाटावा, हे मी तिथे शिकले. शिकले म्हणजे सवय झाली.

पणजीला जाताना जुन्या गोव्याच्या चर्चा डाव्या-उजव्या हाताला लागतात. तिथेच कुठेतरी पोर्तुगिजांचा शस्त्रांचा कारखाना होता. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने तीनच वर्षांनी आपल्या राजाला लिहिलं, की इथले कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. ते कारागीर कोण होते? आदिलशाहीतले, आपल्यातलेच लोहार. १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या बंदुका पोचल्या आणि ज्यांच्यावरून जपानने हजारोंनी बंदुका घडवल्या, त्यांची घडण गोव्याच्या वळणाची होती असं जाणकार मानतात. भाऊकाकाला हे मी सांगितलं तेव्हा तो इतका खूष झाला की पुढे वर्षभर येईल त्याला 'जपानला बंदूक आम्ही दिली' म्हणून सांगत सुटला. पिस्तूल आणि काडतूस हे शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांकडूनच आले. चावी, पगार, साबण यांच्याच गलबतातून उतरलेले. ज्यांचे शब्द, त्यांच्याविरुद्धच पुढे ती वस्तू लागली. गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या पोरांकडे शस्त्रं किती तुटपुंजी होती हे भाऊकाकाच्या वडिलांच्या तोंडून आम्ही ऐकलेलं. मोहन रानडे मराठी शिकवायला म्हणून सावईवेऱ्याला आलेले मास्तर. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून सापडले ते १९६९ मध्ये सुटले. त्या काळात एकेका पिस्तुलाची किंमत वर्षांत मोजली जात होती. या गोष्टींच्या शेजारी आमचं कपाटातलं कानपुरी रिव्हॉल्वर ठेवलं की ते फारच संसारी दिसायचं.

भाऊकाकाचा मुलगा टेक्ससला. ग्रीन कार्ड हातात पडलं त्या वर्षी त्याने एक पिस्तूल घेतलं आणि व्हिडिओ कॉलवर बापाला दाखवलं. टॉरस, नऊ मिलिमीटर, तीनशे डॉलरच्या आत-बाहेरचं. "कुठलं?" भाऊकाकाने विचारलं. "ब्राझीलचं." "म्हणजे आपल्याच पाकल्यांचं!" पाकले म्हणजे पोर्तुगीज. गोवा मुक्तीपर्यंत पोर्तुगीज शाळेत बसलेला तो माणूस, ब्राझील ऐकून त्याला जवळचं वाटलं. पण खालचा सांगाडा प्लॅस्टिकचा आहे हे कळल्यावर तोंड वाकडं झालं. मग मुलाने रीतसर शिकवणी घेतली. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक घेतलं तेव्हाही लोक प्लॅस्टिक म्हणून हसले होते, आणि ते बनवणारा ग्लॉक नावाचा माणूस आधी पडद्यांच्या दांड्या बनवायचा. आता जगभरचे पोलीस तेच वापरतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे ओहायोतलं हाय-पॉइंट, दोनशे डॉलरच्या आतलं. दिसायला वीट. नळी आणि वरचा भाग एकमेकांत अडकवण्याची नाजूक यंत्रणा त्यात नाहीच, नुसता वरचा भाग इतका जड केलाय की त्याच्या वजनानेच धक्का सोसला जातो. म्हणून ते स्वस्त आणि म्हणूनच बोजड. पण आयुष्यभराची हमी, आणि तीही पिस्तूल कितव्या मालकाकडे आहे हे न विचारता. रुगर नावाच्या कंपनीने १९४९ मध्ये धंदाच मुळी साडेसदतीस डॉलरच्या पिस्तुलाने सुरू केला. दाबून काढलेले पत्र्याचे दोन अर्धे एकत्र वेल्ड करायचे की झाला सांगाडा. त्यातली किती तरी अजून चालतात. पोरगा रंगात आला होता. बाप लक्ष देऊन ऐकत होता. आमच्याकडे पंपांच्या कंपन्यांवर जशी चर्चा चालते तशीच ती चालली होती.

"परवान्यासकट केवढ्याला पडलं?" भाऊकाकाने शेवटी विचारलं.

"घ्यायला परवाना लागतच नाही, बाबा. फॉर्म भरायचा, ते कॉम्प्युटरवर चौकशी करतात. अर्ध्या तासात घेऊन आलो."

भाऊकाका काही बोलला नाही. दोन वर्षांच्या फेऱ्या, दर तीन वर्षांनी नूतनीकरण (२०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच झालं), आणि प्रत्येक निवडणुकीला हत्यार ठाण्यात जमा करून पावती घेणं. विधानसभा, लोकसभा, जिल्हा पंचायत, गोव्यात निवडणुकांना काय तोटा! महिना-दोन महिने ते ठाण्यात पडून राहायचं आणि परत आणलं की त्याच्या चापाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी असायची. भाऊकाका ती चिठ्ठी सोडवून लगेच तेलपाणी करायचा, वसतिगृहातून आलेल्या पोराच्या डोक्याला तेल थापावं तसा. तेव्हा मला वाटायचं, किती हा अट्टहास. आता वाटतं, त्या अर्ध्या तासापेक्षा ही दोन वर्षं बरी. दोन वर्षांत माणसाचा राग तरी उतरतो. त्याच वेळी हेही वाटतं, की डुकरांनी उभं भात झोपवलेल्या शेतकऱ्याची बंदूक ऐन हंगामात ठाण्यात का पडून राहावी? मला दोन्ही वाटतं.

२०१४ मध्ये कानपूरनेच 'निर्भीक' काढलं. दिल्लीच्या त्या मुलीच्या आठवणीने ठेवलेलं नाव, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, खास बायकांच्या पर्ससाठी. किंमत १,२२,३६० रुपये. भाऊकाकाने बातमी कापून ठेवली, काकूला वाचून दाखवली. काकू तांदूळ निवडत होती. "अर्धा किलो म्हणजे माझ्या कोयतीएवढंच की," ती म्हणाली. "नारळ सोलता येतो का त्याने?" २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, पन्नास मीटर मारा करणारं, सिलिंडर बाजूला उघडणारं. तेव्हा भाऊकाका पंच्याहत्तरीचा, हाताला कंप. तरी मला फोनवर त्याचा फोटो मोठा करून दाखवायला लावला. "आपलं काय वाईट आहे?" बराच वेळ बघून म्हणाला. मला वाटतं, ते कपाटाला उद्देशून होतं.

दुकानदाराने दिलेली रक्कम पोतंभर सुपारीच्या भावापेक्षा थोडी जास्त निघाली, एवढीच. "वस्तू उत्तम," तो म्हणाला, "पण हिला गिऱ्हाईक नाही. याच वयाचं, पण जर्मन वाल्थर असतं ना, तर लाखांत बोललो असतो." ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली, तेव्हापासून आधी येऊन पडलेली विलायती हत्यारंच काय ती हातोहात फिरतात. आजोबांनी मिरवायला घेतलेलं नातवाला जमीन घेऊन देतं. स्वस्त, टिकाऊ, कधी न बिघडणारं आमचं कानपुरी मात्र टिकलं याचंच त्याला बक्षीस नाही. नव्यासारखं असूनही नवं नाही.

त्याच्या हिशेबाच्या वह्या मी फोंड्याला घेऊन आले होते. सुपारीचा भाव, गड्यांची मजुरी, पाऊस इंचांत, आणि मधेच कुठेतरी 'गोळी २'. मी पेन्सिल घेऊन बेरीज केली. सव्वीस वर्षांत एकंदर तेवीस. त्यातल्या जवळजवळ सगळ्या दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आसपास, जोडीने. 'काडतुसं जिवंत आहेत का पाहिलं. आहेत.' कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, टोकाला मातीचा बांध होता, त्यात तो झाडायचा. म्हणजे उडवता येतं की नाही हे बघण्यासाठीच उडवलेल्या गोळ्या. एक नोंद वेगळी होती: 'गोळी १. झावळ पडली.' रात्री माडाची झावळ कौलांवर कोसळली आणि या गृहस्थाने खिडकीतून आभाळात बार काढला. पुढे कंसात, 'काकू रागावली'. बायकोला तो वहीतसुद्धा आमच्यासारखं काकूच लिहायचा.

आणि मग २००१ च्या नोव्हेंबरात एक ओळ: 'गोळी ०.'

शून्याची नोंद कोण करतं? पुढच्या रविवारी सत्तरीला गेले तेव्हा वही काकूपुढे धरली. ती अंगणात सुपारी वाळत घालत होती. चष्म्याशिवाय तिला वाचता येत नाही, पण तिने तारीख विचारली आणि मी सांगितल्यावर वही खाली ठेव म्हणाली. कार्तिकातली रात्र होती, सुपारी काढायचे दिवस. कुत्रा भुंकायला लागला म्हणून भाऊकाका उठला, रिव्हॉल्वर घेऊन मागच्या दाराशी गेला, काकू टॉर्च घेऊन त्याच्या मागे. पोफळींच्या मधे कोणीतरी वाकलेलं, पोत्यात काहीतरी भरत असलेलं. "कोण आहे?" उत्तर नाही. "गोळी घालीन." तरी उत्तर नाही, पळणंही नाही, भीतीने ते जागच्या जागी थिजलेलं. घोडा मागे ओढल्याचा आवाज तिने ऐकला. टॉर्चचा झोत जमिनीवरून पुढे सरकत गेला आणि आधी दिसले ते पाय. बारके. एका पायाला चिंधी बांधलेली, हळदीने पिवळी झालेली. "ती चिंधी मीच बांधली होती गं, सकाळी," काकू म्हणाली. "माझ्याच जुन्या लुगड्याची."

तिने टॉर्च विझवला.

काळोखात नेम कसला धरणार? पोफळीच्या वाळक्या झावळ्यांवरून पळत जाणारे पाय दोघांनीही ऐकले. भाऊकाका तिच्यावर ओरडला, बॅटरी संपली असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने नव्या बॅटऱ्या आणल्या. तो कोण होता हे तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून कपाटाची चावी तिच्याकडे आली, आणि त्यानेही ती का म्हणून विचारलं नाही. रविवारी ती कुलूप उघडून द्यायची, साफसफाई झाली की तो वस्तू परत द्यायचा. म्हणजे त्यालाही काहीतरी दिसलं असणार. नाहीतर त्याने ते शून्य कशाला लिहिलं असतं?

"त्या दुकानदाराने विचारलं ना, वापरायचे का म्हणून," ती सुपारी पसरत म्हणाली. "रात्री खुट्ट झालं की हे जागे व्हायचे चोर आला म्हणून. आणि हे जागे झाले म्हणून मी. उशीखाली हात घालून चावी आहे ना बघायची. कधी रात्रीत दोनदा, कधी चारदा. तेवीस वर्षं." मग म्हणाली, "ती बाजूची दुरडी दे इकडे."

मी दुरडी दिली. कोण होता तो, असं मी विचारलं. "होता कोणीतरी. नऊ-दहा वर्षांचा," ती म्हणाली, आणि विषय सुपारीच्या भावावर गेला.

फोंड्याला परतताना बसमध्ये मला पणजीहून परतीचा तो प्रवास आठवला. रायबंदरच्या बांधावर वाहनं तुंबली होती, भरतीचं पाणी खारफुटीच्या मुळांत शिरत होतं, मिठागरांवर बगळे. काकू मागे बसली होती, मी पुढे. बाबूने आरशातून पाहत विचारलं, "बरे मिळाले का, काकू?" तिने रक्कम सांगितली. "वाईट नाही," तो म्हणाला. "भाऊंनी ठेवलंच होतं तसं. आम्ही पोरं कुंपणाआडून बघायचो, रविवारचे ते तेल लावत बसायचे तेव्हा." काकू थोडा वेळ मांडवीकडे बघत राहिली. गाडी तसूतसूने सरकत होती, तो क्लच दाबत होता, सोडत होता.

"पाय दुखतो का रे तुझा अजून?" तिने विचारलं.

"कुठला? तो खिळा घुसलेला होय?" बाबू हसला. "थंडीत कळतं थोडं."